सगळ्यांनी हो म्हटलं तेव्हा

रायपूर राजधानी झालं तेव्हा मी अकरावीत होते आणि शहरातला एकूण एक रस्ता खोदलेला होता. आमच्या प्रेमाची सगळी मदार त्या खड्ड्यांवर. ट्यूशनहून घर दहा मिनिटांवर. आम्ही दोघं सायकली हातात धरून पाऊण तास चालायचो. उशीर का झाला विचारलं की मी ठोकून द्यायची, "रस्ता खोदून राहिले न, फिरून यावं लागते."

तो माझ्याच वर्गातला, दोन गल्ल्या सोडून राहणारा, आमच्यासारख्याच विदर्भातून आलेल्या मराठी घरातला. "घरचे नाही म्हणाले तर पळून जाऊ," असं अगदी छाती काढून सांगायचा. मला ते फार आवडायचं. पळून कुठे जायचं, हा विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही.

मग रस्ता झाला. डांबर पडून पंधरा दिवस उलटले तरी मी आपली तेच सांगत होते. आई एकदा त्याच रस्त्याने भाजी घेऊन आली, सायकली धरून चालताना आम्ही दोघं तिला दिसलो आणि माझं पितळ उघडं पडलं. ती पिशवी टाकून तडक त्याच्या घरी गेली. मी देव पाण्यात ठेवून बसले.

तासाभराने परतली ती हसत. "त्याच्या आईले तर तू कधीचीच पसंत आहे! शिक्षण होऊ द्या म्हणे, मग पाहू. बरं झालं बाई, नागपूरच्या चकरा वाचल्या." आमच्याकडे प्रत्येक स्थळासाठी नागपूरला खेटे घालावे लागत. बाबांनी पेपरातून मान वर केली. "पोट्टा बरा आहे," म्हणाले.

शिव्या, मार, ट्यूशन बंद, सगळ्याची तयारी केली होती. होकाराची नव्हती.

त्याची तर मुळीच नव्हती. आठ दिवस तो ट्यूशनला दूरच्या बाकावर बसला, सुटल्यावर सायकलवर टांग मारून एकटाच निघून गेला. रविवारी त्याच्या आईने चिवड्याचा डबा त्याच्याच हाती पाठवला. मी दार उघडलं, मागे आई उभी. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "दीदी, मम्मी ने भेजा है."

दीदी! माझ्याहून चार महिन्यांनी मोठा होता तो. एरवी 'ए पोट्टी' म्हणणारा. थोबाडीत बसावी तसं झालं मला. माझ्यासोबत पळून जाणार होता, आणि जावई होण्याच्या नुसत्या गोष्टीने माझ्यापासून पळाला. आईच्याही ते लक्षात आलं. ती डबा घेऊन आत गेली.

डबा रिकामा परत करायचा नाही, अशी आमच्यात रीत. दुसऱ्या दिवशी आई त्यात साखर घालायला गेली. मी तो तिच्या हातून ओढला आणि तसाच रिकामा घेऊन निघाले.

दार त्यानेच उघडलं. मागून त्याची आई कौतुकाने बघत होती.

"भैया, आपका डब्बा," मी म्हटलं. हे माझ्याच तोंडून निघालं, याचा धक्का मला त्याच्या 'दीदी'पेक्षाही मोठा बसला.