कोपऱ्यातली वीट

होळी झाली की मला घरात बसवत नाही. आमचं घर तळमजल्यावर. मागचं दार उघडलं की बिल्डिंगच्या भिंतीला लागून मातीचा एक लांबट पट्टा आहे, तीच माझी बाग. गिरगावातल्या खोलीत गॅलरीच्या कठड्याला तारेनं बांधलेल्या तेलाच्या डब्यात एक तुळस होती, तेवढीच काय ती आमची शेती. मीरा रोडला घर घ्यायचं ठरलं तेव्हा बाकीचे हवा आणि उजेड बघत वरचे मजले मागत होते, आणि मी खाली वाकून माती बघत होते. ती माती सोसायटीची आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. पण आधी तिथे डेब्रिज आणि गुटख्याच्या पुड्या पडलेल्या असायच्या, त्यामुळे मी झाडं लावली तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. उलट अर्धी बिल्डिंग माझ्याकडून कढीपत्ता न्यायला लागली.

फाल्गुनातली कामं माझी ठरलेली. माती खुरप्यानं मोकळी करायची, शेणखत मिसळायचं, जास्वंदीच्या वाळक्या काड्या काढायच्या, तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या. मोगऱ्याची छाटणी आधीच झालेली असते, त्याला आता कळ्या धरायला लागतात. आणि सगळ्यात आवडीचं काम म्हणजे विटा. बागेच्या कडेला मी तिरप्या विटांची रांग लावली आहे. दरवर्षी त्या उपटायच्या, घासायच्या, गेरू लावून वर्तमानपत्रावर वाळवायच्या आणि पुन्हा रोवायच्या. विटांची नवी कड आणि काळी ओली माती बघितली की मला अगदी नवी साडी नेसल्यासारखं वाटतं.

विटा परत रोवताना मी त्या जराशा बाहेर घ्यायचे. मुळं पसरलेली असतात, खतानं माती वाढलेली असते, झाडांना थोडं मोकळं होऊ दे, एवढाच विचार. एका वर्षात चार बोटं. कुणाच्या लक्षात येण्यासारखं काही नाही. पण आम्हाला इथे राहायला येऊन बरीच वर्षं झाली.

हीच मी, पलीकडच्या विंगमधल्या माणसानं खिडकीची ग्रिल फूटभर पुढे काढली तेव्हा कंबर कसून भांडले होते. "सोसायटीची जागा काय तुम्हाला आंदण मिळालीय?" असं मी त्याला चारचौघांत विचारलं होतं. मीटिंगमध्येही विषय काढला होता. भांडायला मी कधी मागे हटत नाही, आणि मला त्याचा अभिमानच होता.

दुसऱ्या मजल्यावर एक गुजराती आजी राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना बा म्हणते. दोन वर्षांपूर्वी पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून वॉकर घेऊन चालतात. संध्याकाळी लिफ्टनं खाली येतात आणि बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगतच्या वाटेनं हळूहळू माझ्या बागेपाशी येऊन थांबतात. तिथून पुढे, बागेच्या पलीकडे, बदामाच्या झाडाखाली बाकं आहेत. बिल्डिंगमधल्या बायका तिथे बसून गप्पा मारतात. पडण्याआधी बा त्यांच्यातल्याच होत्या, पण मला वाटायचं, आता त्यांना फुलांचीच जास्त ओढ लागली असेल. त्या थांबायच्या, बघायच्या, "मोगरा एकदम सरस आला हं तुझा," म्हणायच्या. मी एक फूल खुडून हातावर ठेवायचे. "मारा ठाकोरजीने," म्हणून ते घरच्या देवासाठी पदराच्या टोकाला बांधायच्या आणि माघारी वळायच्या.

केवढं भूषण होतं मला त्याचं. पाहुणे आले की सांगायचे, आमच्या बा रोज इतक्या लांबून माझी बाग बघायला येतात, चालवत नाही तरी येतात. एकदा त्यांचा तिथे उभ्या असतानाचा फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवरही टाकला होता.

यंदा विटा घासताना कोपऱ्यातली वीट हाती आली. दरवर्षी त्या एकाच विटेचा रंग उडतो, तोही बाहेरच्या बाजूनं, एकाच ठिकाणी. यंदा तर तिचा कोपरा पार झिजला होता. मुलं सायकली घासतात म्हणून मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना चांगलं झापलं होतं. "आंटी, हम तो उधर से जाते ही नहीं," असं एक जण म्हणाला होता, त्याला उलट बोलतो म्हणून वर आणखी दोन शब्द ऐकवले होते.

विटा वाळत पडल्या होत्या आणि मी पाटावर बसून माती भुसभुशीत करत होते. संध्याकाळ झाली, बा आल्या. एरवी मी उभी असते, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसतो. आज खाली बसलेली, म्हणून मला त्यांचा वॉकर दिसला. त्यांनी तो नेहमीच्या जागेपर्यंत आणला आणि थांबल्या नाहीत. विटा नाहीत हे बघून त्यांनी तो आणखी थोडा पुढे सरकवला. वॉकरचा पलीकडचा पाय कंपाउंडच्या भिंतीला लागला आणि अलीकडचा कोपऱ्यावर, जिथे ती झिजलेली वीट असते तिथे, माझ्या मोकळ्या मातीत रुतला. त्या डगमगल्या. मी उठून हात देईपर्यंत त्यांनी स्वतःच वॉकर मागे ओढून घेतला होता.

"बा, आपको उधर जाना है क्या? बाकांकडे?" मी विचारलं.

"ना ना, बेटा. मैं तो फूल देखने आई."

पण बोलताना त्या फुलांकडे बघत नव्हत्या. त्या बदामाकडे बघत होत्या. मी फूल दिलं, त्यांनी पदराला बांधलं आणि वळल्या. पेव्हर ब्लॉकवर मातीचे गोल ठसे उमटवत वॉकर लिफ्टकडे गेला.

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरातली वॉकरएवढ्याच रुंदीची प्लास्टिकची खुर्ची आणून त्या वाटेवर ठेवून पाहिली. ती भिंत आणि बाग यांच्यामध्ये अडकली. बाकांकडे जायला दुसऱ्या बाजूनं वाट आहे, पण तिथे स्कूटरांची दाटी असते आणि पंपाच्या खोलीपाशी पायऱ्या आहेत. म्हणजे ही बाई रोज मैत्रिणींकडे जायला निघत होती आणि माझ्या विटांपाशी अडून, माझं कौतुक करून घरी जात होती. आणि मी त्यांना फूल देत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. खुर्ची तशीच तिथे टाकून मी घरात आले, तर हात धुतानासुद्धा आरशात बघवेना.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एवढा त्रास होत असता तर बोलल्या असत्या ना त्या."

"माझ्याशी?" मी विचारलं. त्यानं पेपरात डोकं घातलं. ते मला फार लागलं. ग्रिलवाल्याशी मी भांडत होते तेव्हा बा वरच्या खिडकीत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कड आत घेतली. बाहेरच्या रांगेत मोगऱ्याची तीन झाडं होती, कळ्यांनी लगडलेली. मोगरा कळ्यांवर असताना हलवू नये हे मला कळतं, तरी खणला आणि कुंड्यांत घातला. दुपारपर्यंत पानांनी माना टाकल्या. खरं सांगायचं तर खणताना मी मधूनमधून वर बघत होते, कुणी बघतंय का म्हणून. कौतुकाची तेवढी हौस तेव्हाही सुटली नव्हती.

संध्याकाळी बा आल्या आणि सवयीनं त्याच जागी थांबल्या. फुलासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "बा, आगे जाके देखो ना. रस्ता मोठा केलाय." त्यांनी खाली बघितलं, विटांकडे बघितलं, कुंड्यांतल्या मलूल मोगऱ्याकडे बघितलं. मग वॉकर पुढे ठेवला. तो गेला. मी मागोमाग चालत राहिले, माफी मागायचे शब्द मनात जुळवत.

बाकांवर एकच कालवा झाला. एकीनं उठून जागा दिली. दुसरी म्हणाली, "बा, कितने दिन बाद! हम तो समझे आप हमसे नाराज हो. रोज वहीं से वापस चली जाती थीं."

बा बाकावर टेकल्या, वॉकर बाजूला लावला, दम घेतला. मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "अरे, इसका बगीचा देखते देखते ही टाइम निकल जाता था. इतना सरस बगीचा, यहाँ तक आने का मन ही नहीं होता था."

सगळ्या जणी माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. ग्रुपवरचा तो फोटो एकीला आठवला. दुसरी म्हणाली, "बघ ना, बांनासुद्धा वेड लावलंस. मला पण मोगऱ्याची एक फांदी दे गं, कुंडीत लावते."

बा खाली मान घालून पदराची गाठ सोडत होत्या. खरं काय ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"पावसाळ्यात देते," मी म्हणाले.