हसऱ्या फोटोची मूळ फाइल

वडिलांचा हसरा फोटो मोठा करून हवा, एवढीच आईची मागणी होती. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं होतं. वडील हसायचे नाहीत असं नाही, पण कॅमेरा समोर आला की आधार कार्डावरच्यासारखे ताठ व्हायचे. अख्ख्या घरात त्यांचा हसरा फोटो एकच. प्लास्टिकच्या खुर्चीत, बनियनवर, डोळे मिटेपर्यंत हसताना. "त्योच लाव," आई म्हणाली. "बाकीच्यात रागावल्यावानी दिसतेत."

मी तो फॅमिली ग्रुपवरून उतरवला आणि चिंचवड स्टेशनजवळच्या फोटोवाल्याला पाठवला. त्याने स्क्रीनवर मोठा केला, तर चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. दात कुठे नि मिशी कुठे, पत्ता नाही. "दादा, हा दहा ठिकाणी फिरून आलाय, दरवेळी फाइल लहान होत गेली. बारा बाय अठरा काढला तर माणूस ओळखू येणार नाही. मूळ फाइल आणा. आणि पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. खराब पार्ट सापडला की पाच वेळा 'का' विचारायचं, कारण सापडेपर्यंत सोडायचं नाही, ही तिथली शिस्त. त्यात मला चौकशा करायची जन्मजात खोड. बहिणीला विचारलं, तर तिने ग्रुपवरूनच घेतलेला. मेहुण्याने बहिणीकडून. लातूरचा चुलतभाऊ मात्र हसायलाच लागला. "भावा, तूच टाकलतास की! सगळे म्हणले, काय फोटो काढलास म्हणून." काखेत कळसा आणि गावाला वळसा.

जुना फोन कपाटातून काढून चार्जरला लावला. फोटो होता, पूर्ण आकाराचा. फक्त डाव्या कोपऱ्यात एक धुरकट डाग. सहज म्हणून तपशील उघडला. बुधवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. इथे माझं डोकं अडकलं. बुधवारी बाराला मी लाइनवर असतो, आणि गेटवरचा वॉचमन आत जातानाच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवतो. मग फोटो काढला कोणी? त्या दिवशी मी फोन घरी विसरलो असणार. घरी तेव्हा दोघंच होती, आणि त्यातला एक जण फोटोत.

आई शेपू निवडत बसली होती. मी फोन तिच्यासमोर धरला. "हा तू काढलास?"

"मंग कोण काढणार?"

"पण तुला तर मोबाइल येत नाही."

"हेच शिकवायलते मला. हितं दाब म्हणले. मी धरलं तर निसतं लालच दिसायलं. म्हटलं, अहो, ह्यात तुम्ही तर दिसतच न्हाईत! तुझ्या कंपनीचं ते चिकटवलेलं आदल्या दिशीचं तसंच ऱ्हायलेलं. मी नखानं खरवडायलते, ते निघंना, आन् हे हसून हसून बेजार. निघालं तसं दाबलं."

म्हणजे तो डाग स्टिकरच्या गोंदाचा होता. "मग तेव्हाच सांगायचं ना! सगळे माझं कौतुक करत होते."

"असू दे म्हटलं," ती म्हणाली आणि पुन्हा शेपूकडे वळली.

मला खरंच लाज वाटली. पाच वेळा 'का' विचारणारा मी, न काढलेल्या फोटोचं कौतुक इतकी वर्षं मिरवत होतो. हा फोटो काढल्याचं आपल्याला आठवतच नाही, ही शंकासुद्धा कधी आली नाही.

फोटोवाला डाग पुसून, चेहराही जरा उजळ करून देतो म्हणाला. आईला विचारलं. "काय बी करू नको म्हणावं. व्हते तसे ऱ्हाऊ दे." मग तसाच काढला, मॅट कागदावर. मिशीचा केस न् केस दिसतो. श्राद्धाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगितलं, हा आईने काढलाय. ती लाजून आत निघून गेली.

आता फोटो लावलेल्या भिंतीसमोरून जाताना माझे पाय थांबतात. वडिलांचे मी काढलेले शंभरएक फोटो माझ्याकडे आहेत आणि प्रत्येकात ते ताठ बसलेत. माझ्याकडे बघून ते असे कधीच हसले नाहीत. मला आईचा हेवा वाटतो.