विटलं होतं, फितलं नव्हतं

लिहिता लिहिता मुनशीजी टाक वर उचलायचे, टोक फडक्याला पुसायचे आणि म्हणायचे, "थांबा बाई. कोण कुणापासून तुटलं ते आधी सांगा. मग शब्द शोधू."

आमचं काम उर्दू कागदांचं इंग्रजी करण्याचं. हैदराबादचं जुनं दफ्तर सगळं उर्दूत, आणि नवे आलेले साहेब वाचणार फक्त इंग्रजी. मधे आम्ही चार टेबलं. खिडकीजवळचं त्यांचं. सगळे त्यांना मुनशीजी म्हणत. त्यांचं नाव घेऊन हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, म्हणून इथंही घेत नाही. मे महिन्यातसुद्धा शेरवानीची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. घरी मराठी, दफ्तरात उर्दू, कागदावर इंग्रजी. बायको वारलेली, एकुलती मुलगी नांदेडला दिलेली. जामबागेतल्या दोन खोल्यांत एकटे राहायचे.

त्या विभागात मी पहिलीच बाई. अंबरपेठेहून येणारी, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि त्याचा थोडा तोरा असलेली. तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात उतरवला. एका कारकुनाच्या बायकोचा अर्ज आला होता. सासूनं नवऱ्याचं मन माझ्यावरून उडवलंय, त्याची बदली परत गावी करा. मी नवऱ्याला 'एस्ट्रेंज' झालेला लिहिलं.

"अन् सासूबाईंना कामून सोडून दिलं?" मुनशीजींनी विचारलं. "एस्ट्रेंज म्हणजे दोघं जवळची होती, आता अनोळख्यासारखी झाली. कुणामुळं, ते त्यात येत नाही. इथं तोडणारी उभी आहे. इथं एलियनेट. जमीन दुसऱ्याच्या नावावर जाते ना, तोच शब्द. नवरा सासूच्या नावावर गेला."

मी हसले. ते हसले नाहीत. "वीन निराळा. लेकरू अंगावरून तोडतात तसं. हळूहळू, कधी कधी त्याच्या भल्यासाठी. अन् डिसअफेक्ट..." एवढं म्हणून ते थांबले. "तो शब्द माझ्या टेबलावर येऊ देऊ नका. आला तर मला दाखवा."

तुम्हीही एखाद्या शब्दाला भिणारं माणूस पाहिलं असेल. मला वाटलं, म्हाताऱ्याची लहर.

मग राज्य वाटलं जायची वेळ आली. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू इथंच. प्रत्येकाला फॉर्म आला, कुठं जायचं ते लिहून द्या. पंधरा पंधरा वर्षं एका डब्यातून जेवलेली माणसं आपापला फॉर्म हाताखाली झाकून भरू लागली. मुनशीजी नांदेड लिहिणार हे सगळ्यांनी धरलंच होतं.

माणसांसारखे कागदही वाटायचे होते. मी आणि मुनशीजी जुनी बासनं सोडून तीन ढीग लावत होतो. एका फाइलीत उर्दू चिठ्ठी होती आणि तिला टाचलेलं त्यांच्याच अक्षरातलं इंग्रजी. मी सहज वाचलं आणि म्हणाले, "मुनशीजी, इथं तुम्हीच डिसअफेक्टेड लिहिलंय की. मुळात तर 'दिल उचाट' आहे."

ते उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, शेरवानीची गळ्याची गुंडी उघडी होती.

"माझा दोस्त होता," ते म्हणाले. "जामबागेत शाळेत एका बाकावर बसायचो. तो याच दफ्तरात नोंदी सांभाळायचा. पोलीस ॲक्शन झाली, त्याचा भाऊ कराचीला निघून गेला, घर खायला उठलं. त्यानं अर्ज केला, दफ्तर से दिल उचाट हो गया है, दोन महिने रजा द्या. मन विटलं होतं बाई त्याचं. फितलं नव्हतं. मी फितलं लिहिलं."

"घाईत झालं असेल."

"नाही हो. हौसेनं. नवा साहेब आला होता. इथल्या मुनशीलाही असे शब्द येतात, हे त्याला दाखवायचं होतं मला."

जुन्या नोकरांची निष्ठा तपासायचे ते दिवस. साहेबानं अर्ज वाचला नाही, तो एक शब्द वाचला: सरकारवरून मन फिरलेला. महिन्याभरात दोस्त नोकरीबाहेर. तेव्हापासून तो कोठी बाजारात पुस्तकांच्या दुकानांसमोर फुटपाथवर बसून लोकांचे अर्ज लिहीत होता. आणि मुनशीजी सात वर्षं कोठी टाळून, लांबच्या गल्ल्यांनी घरी जात होते.

"कधी समोर आला तर हात वर करून रीतसर आदाब करतो," ते म्हणाले. "पूर्वी अबे म्हणायचा. आता आप."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टिपण लिहून आणलं. अमुक फाइलीतलं भाषांतर चुकीचं आहे, चूक माझी आहे, त्या माणसाच्या मनात सरकारविरुद्ध काही नव्हतं. मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि थांबले.

"मुनशीजी, तुमची नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. चौकशी लागली तर?"

"तुम्ही टाइप करा. तीन प्रती."

चौकशी लागली नाही. तेवढंही झालं नाही. उत्तराची एक ओळ आली, प्रकरण जुनं आहे, विचार करता येत नाही. फक्त मुनशीजींचं भाषांतर काढून घेतलं आणि त्यांना फाइलींवर चिठ्ठ्या डकवायला बसवलं. तक्रार न करता ते खळीची वाटी घेऊन बसले.

एका संध्याकाळी म्हणाले, "बाई, कोठीपर्यंत याल का? एकट्यानं पाय उचलत नाही."

दोस्त उंच होता, मांडीवर फळी घेऊन लिहीत होता. मुनशीजींनी टिपणाची प्रत पुढं केली. त्यानं ती सावकाश वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"लफ़्ज़ तो मैं उसी दिन समझ गया था," तो म्हणाला. "लिखने में हो जाता है. मगर आप आए नहीं. सात बरस. मैं यहीं बैठा था, आप आए नहीं."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला मुनशीजींकडे बघून वाटलं.

परतताना त्यांनी टिपणाची घडी शेरवानीच्या खिशात ठेवली. मग म्हणाले, "बाई, ह्याला कोणता शब्द?"

मी एक एक करून चारही सांगितले. प्रत्येकाला त्यांनी नकारार्थी मान हलवली. "त्याला कुणी तोडलं नाही. कुणी फितवलं नाही. तो हललाच नाही जागेवरून. मी नुसता गेलो नाही."

त्यांनी फॉर्मवर नांदेड लिहिलं नाही. मुलीची पत्रावर पत्रं आली. तिला काय कळवलं, मला माहीत नाही. मला म्हणाले, "तिकडं जाऊन काय करू? इथं जायचं राहिलंय." दफ्तर सुटलं की ते कोठीकडे चालू लागायचे. तिथं काय बोलणं व्हायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि माझी विचारायची छाती झाली नाही. थोड्याच दिवसांत नवऱ्याच्या नेमणुकीबरोबर मी मुंबईला गेले.

पाच-सहा वर्षांनी भावाकडच्या लग्नाला आले, तेव्हा आधी कोठीला गेले. दोस्त तिथंच होता, दाढी पांढरी झालेली. दोन तिपाया होत्या. एकीवर तो, शेजारची रिकामी.

त्यानं मला ओळखलं. मुनशीजी गेल्या हिवाळ्यात गेले, म्हणाला. "बुखार था. फिर भी आए, शाम तक बैठे. बातें तो हमारी कम ही होती थीं. मैं लिखता, वो बैठते."

मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात एक वयस्क बाई हातात कागद घेऊन आली आणि रिकाम्या तिपाईवर टेकू लागली. त्यानं हात आडवा धरला. "उधर नक्को, माँ." मग उठून स्वतःची तिपाई तिच्याकडे सरकवली, फळी छातीशी धरली आणि उभ्या उभ्याच तिचा अर्ज लिहू लागला.