पालथा रांजण

"चौकोन बसला का?" हे यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. औरंगाबादच्या दवाखान्यात, डायलिसिस झाल्यावर, डोळे मिटलेलेच होते. मी म्हटलं, "अजून न्हाई." खोटं बोलून उपयोग नव्हता, माझं खोटं यांना लगेच कळायचं. "बसंल..." एवढं म्हणून हे झोपले आणि पहाटे गेले. भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, शेवटी काय म्हणाले हो? काय सांगू? माझ्या नवऱ्यानं जाताना एका चौकोनाची चौकशी केली. ती का केली, हे समोरासमोर सांगायला बसले तर अर्ध्यातच राहतं, म्हणून लिहिते आहे.

हे, म्हणजे दिगंबर, मूळचे वाटूरचे. इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीला लागले आणि तिथं मेश करायला शिकले. यंत्राचा एखादा भाग ओतण्याआधी तो कुठं तुटेल, हे कॉम्प्युटरवर तपासतात. पण कॉम्प्युटरला अख्खा भाग कळत नाही. त्याचे हजारो बारीक तुकडे पाडून, कोपऱ्याला कोपरा जुळवून द्यावे लागतात. ते पाडणं म्हणजे मेश. सासरे वारले तेव्हा नोकरी सोडून हे जालन्याला आले, सासूबाईंना गावाहून आणलं आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून पुण्याचीच कामं घरी करू लागले. शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, काय करता? हे म्हणाले, जाळी. काका रविवारी खिडकीचं माप घेऊन हजर. "माप मातर बराबर आणलं व्हतं," असं म्हणून हे कितीतरी दिवस हसायचे.

मग मूत्रपिंडं गेली. औरंगाबादच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा तिकडून आल्यावर पाणीसुद्धा न पिता मला म्हणाले, "आता तू शिक हे. जल्दी शिक." मी बी.एस्सी. गणित, शाळेत पोरांना लसावि-मसावि शिकवणारी. मला संतापच आला, कारण त्या 'जल्दी'चा अर्थ मला कळला होता. म्हटलं, बरे व्हा आणि तुमचं तुम्ही करा. यांनी वाद घातला नाही, नुसती स्वतःची खुर्ची सरकवून माझ्यासाठी जागा केली. मी बसले शेवटी.

पहिलंच काम मी पार बिघडवलं. सगळीकडे बारीक तुकडे पाडले. कॉम्प्युटर सकाळभर कण्हत बसला आणि उत्तर यायच्या आत लोडशेडिंगची वेळ झाली. "सगळीकडं बारीक कशाला करून राह्यली?" हे म्हणाले. "जिथं तुटायची भीती तिथं बारीक कर. बाकी राहू दे मोठे."

"मला सगळीकडंच भीती वाटते," मी म्हटलं.

वीज गेली की शिकवणी अंगणात. उन्हाळा संपला की आमचा रांजण धुऊन भिंतीशी पालथा घालायचा, ही सासूबाईंची रीत. यांनी खडू घेतला आणि म्हणाले, याच्यावर चौकोन पाड. मी बुडापासून खाली सरळ रेषा ओढल्या, खरबुजाला असतात तशा. मला वाटलं, झालं की. "वर बघ," हे म्हणाले. "समद्या रेषा एका ठिकाणी आणून गाठ मारली. तिथले तुकडे सुईवानी झाले. कॉम्प्युटर तिथंच अडकतंय." मग स्वतः बुडाच्या मधोमध एक चौकोन काढला. याच्या चार कोपऱ्यांतून चार रेषा बाहेर ने, म्हणाले, अन् मग कडेनं भर. समद्या रेषा एकमेकींना भेटल्या की चौकोन बसला. ऐकायला सोपं होतं. माझे तुकडे कधी वाकडे व्हायचे, कधी एक बाजू दुसरीला भेटायचीच नाही. मी पुसायची, पुन्हा काढायची. हे शाल पांघरून पायरीवर बसलेले असायचे. सासूबाई दारातून म्हणायच्या, "दिगू, तिला जेवू तर दे." चुकलं तर हे गप्प राहायचे, जमलं तर 'बराबर' म्हणायचे. रांजणाच्या बुडावर मला तो शब्द कधी ऐकायला मिळाला नाही. शेवटच्या फेरीला निघालो तेव्हा यांचा चौकोन तेवढा वर होता आणि बाकी सगळं मी पुसलेलं.

आता ऊन तापायला लागलंय. परवा सासूबाई हळूच म्हणाल्या, "रांजण भराया लागंल, बाई. माणसं येऊन राह्यलीत, त्यांना गार पाणी लागतंय." मी म्हटलं, जरा थांबा. खडू आणला. यांच्या चौकोनाला हात लावला नाही. चारही कोपऱ्यांतून रेषा काढल्या, घाई न करता पोटापर्यंत आणल्या आणि कडेनं भरत गेले. शेवटची रेषा पहिलीला येऊन भेटली. मी पायरीकडे बघितलं. तिथं सासूबाई बसल्या होत्या. त्यांना यातलं काही कळत नाही, त्या म्हणाल्या, "झालं का?" म्हटलं, "झालं, आई." आणि मग आम्ही दोघी तिथंच बसून रडलो.

संध्याकाळी रांजण सुलटा केला, आतून धुतला, वाळूत नीट बसवला आणि दोघींनी मिळून भरला. सकाळी पाहिलं तर पाझरानं पोटावरच्या माझ्या रेषा गेल्या होत्या. यांचा चौकोन बुडाखाली आहे. राहिला की गेला, ते बघायला रांजण उचलावा लागेल... आणि तो आता भरलेला आहे.