दगड फुटतानाचा फोटो

नव्या वर्गावर गेला की तो आधी खडू मोडायचा. दोन तुकडे दोन हातांत धरून पोरांना विचारायचा, "मोडायच्या आधी पाह्यला, मोडल्यावर पाह्यला. मोडतानी कोनं पाह्यला?" पोरं हसायची. तो हसायचा नाही.

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. तासिकेवर नेमलेले, उन्हाळ्यात नोकरी संपणारे, पावसाळ्यात पुन्हा अर्ज घेऊन उभे राहणारे. मेहकरकडच्या आमच्या कॉलेजात तो असा सहा वर्षं फिजिक्स शिकवत होता. मी त्या विभागाचा प्रमुख. तो जवळच्याच उंद्री गावचा, घरी भाजीपाल्याची शेती.

लोणारला उल्का आदळली, त्या क्षणी आपल्या काळ्या दगडाच्या आत काय झालं असेल, एवढंच त्याच्या डोक्यात असायचं. "लोक खड्डा पाहून येतात, सर. मले धडक पाहाची हाय." पीएचडीनंतर वर्षभर तो परदेशात एका एक्स-रे लेसरवर काम करून आला होता. तिथे दगडाच्या पातळ चकतीवर आधी एका वेगळ्या लेसरचा तडाखा देतात. पृथ्वीच्या पोटात असतो तसा दाब आणि तशी आग क्षणभर त्या चकतीत तयार होते. ती उडून जायच्या आत एक्स-रेचा झोत तिच्या अणूंची मांडणी टिपतो. हे त्याने मला दहादा समजावलं असेल. शेवट ठरलेला असायचा, "आधी फोटो, मंग भुगा. उलटं झालं तं गेलं."

दोनदा नाकारला गेलेला त्याचा प्रस्ताव तिसऱ्यांदा मंजूर झाला. जुन्या सहकाऱ्यांबरोबर त्या यंत्रावर काही तास मिळाले. चकत्या त्याने आमच्याच प्रयोगशाळेत काचेवर पावडर टाकून, पाण्यात घासून केल्या. केसाएवढ्या जाडीच्या. घासून घासून अंगठ्याची कातडी गेली आणि हजेरीचं मशीन त्याला ओळखेना. क्लार्कने चार दिवस गैरहजेरी लावली. "मशीनच्या हिशोबानं मी नाहीच हाय," तो म्हणाला.

यंत्रावरची पाळी होती त्याच आठवड्यात आमच्याकडे कायम जागेची मुलाखत लागली. तो मला विचारायला आला. "सर, जाऊ का राहू?"

जागा संस्थेतल्या एकाच्या नात्यात ठरलेली होती. मला ते ठाऊक होतं. पण कागदोपत्री उमेदवार कमी पडत होते आणि प्राचार्यांनी मला सांगून ठेवलं होतं, त्याला बसवा. मी म्हणालो, "राहा. सहा वर्षं काढलीस, आता ऐन वेळी जातोस?"

त्याने तिकीट रद्द केलं. चकत्या कुरिअरने पुढे गेल्या.

मुलाखतीच्या दिवशी सगळ्यांचे फोन बाहेर टोपलीत ठेवून घेतले. अकरापासून बसलेल्या त्याला साडेतीनला आत बोलावलं. "मले असं वाटते" ऐकून बाहेरून आलेले तज्ज्ञ हसले. "मुलांशीही असंच बोलता?" तो म्हणाला, "हो." दगडाबद्दल कुणी विचारलं नाही. मी समितीत होतो. मीही नाही.

चार वाजता व्हरांड्यात त्याने फोन उघडला. तिकडून अकरा निरोप होते. शेवटच्या डबीतल्या चकत्यांची जाडी कागदावर एक होती, डबीवर एक. खरी कोणती? तडाखा चकतीतून किती वेळात पार होतो ते जाडीवर, आणि फोटो कधी घ्यायचा ते त्या वेळेवर. त्यांनी वाट पाहून शेवटी अंदाजाने वेळ लावून फोटो घेतले होते. त्यांची पाळी संपली होती. एक चकती एकदाच वापरता येते.

"भुग्याचे फोटो निघाले, सर," तो म्हणाला आणि पाचव्या तासाला वर्गावर गेला.

निकाल ठरल्याप्रमाणे लागला. सत्र त्याने पूर्ण शिकवलं. पुढच्या पावसाळ्यात त्याचा अर्ज आला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी उंद्रीला गेलो. तो टमाट्याच्या वेलांना सुतळी बांधत होता. मी उभ्यानेच सांगून टाकलं की जागा आधीच ठरली होती आणि मला माहीत होतं.

तो गाठ मारत राहिला. "मलेबी मालूम होतं, सर. गावातल्या पोराले मालूम होतं."

"मग राहिलास काऊन?"

"तुमी राहा म्हनले म्हनून. मले वाटलं, सर तिथं बसेल हायेत, एखांदा तरी प्रश्न इचारतीन."

त्याने पुढचा वेल हातात घेतला. "तुमची गाडी यायची येळ झाली. निघा."

फाट्यावर येऊन मी उभा राहिलो. गाडीला अजून तासभर होता.