वर्णानुक्रमे लावलेल्या बासष्ट पत्रिका

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी संगणकशास्त्राविषयीचे गैरसमज दूर करण्यास बसलो.

बिबवेवाडीतील आमच्या दिवाणखान्यात तीन विद्यार्थी होते. तिघांनाही अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश मिळाला होता. मी हा विषय चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झालो आहे. (विषय सुटला, सांगण्याची सवय सुटली नाही.)

"सर, लॅपटॉप कोणता घेऊ?" श्रावणीने विचारले.

"वही घ्या."

"पण कोडिंग तर आता एआय करतं ना? मग शिकायचं काय?"

"विचार करणे. त्याला यंत्र लागत नाही. दाखवतो."

टेबलावर नातीच्या लग्नाच्या बासष्ट पत्रिकांचे लहानमोठे गठ्ठे होते. लग्न रविवारी. पत्रिका घरी जाऊन हातात द्यायच्या म्हणून पाकिटांवर केवळ नावे होती. मी सर्व गठ्ठे एकत्र केले, तिघांत वाटले, प्रत्येकाकडून वर्णानुक्रमे लावून घेतले आणि शेवटी त्यांचा एकच गठ्ठा केला. अकरा मिनिटे!

"सर, भारी!"

इतक्यात माझी पत्नी विमल आली. मागे पत्रिका वाटायला निघालेला तिचा भाऊ अशोक, हेल्मेट घालूनच.

"अहो, माझे गठ्ठे कुठे आहेत?"

"तो पसारा होता. आता क्रम आहे."

"क्रमच होता तो! हडपसर वेगळं, खडकी वेगळी. कुणाच्या घरापुढे कुणाचं घर, तसं लावत दोन दिवस बसले होते मी!"

"सर, बॅकअप आहे का?" श्रावणीने हळूच विचारले. मी तिला पाणी आणण्यास पाठवले.

विमलने पुन्हा गठ्ठे लावायला घेतले. सव्वाबारा वाजले. विद्यार्थी आता तिच्याभोवती बसून वहीत उतरवून घेत होते! ("काकू, हा तर शॉर्टेस्ट रूट!")

"दाजी, मला दोनला ड्यूटी आहे," अशोक म्हणाला. "फार तर खडकी होईल."

"मग हडपसर तुम्ही करा," विमल मला म्हणाली. "आधी आत्याकडे जा. दहाला येतो म्हणून कळवलंय. ती रुसली तर माझ्या माहेरचं एक माणूस लग्नाला येणार नाही!"

मी बसने हडपसरला गेलो. आत्यांचे घर टोकाला होते, म्हणून वाटेवरची घरे आधी उरकली. (कार्यक्षमता!) आत्यांकडे पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. त्या सकाळपासून नवी साडी नेसून बसल्या होत्या.

"जावईबापू, दहाला येणार होतात."

"क्रम थोडा बदलला."

"मग ती पत्रिका पोस्टात टाका. पोहोचली तर येईन."

"आत्याबाई, चूक माझी आहे. विमलची नाही."

आत्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले.

"तुम्ही कॉम्प्युटर शिकवता ना?"

"संगणकशास्त्र."

"तेच ते. नातवाचा प्रिंटर कागद खातोय. बघा जरा."

संगणकशास्त्र म्हणजे यंत्रदुरुस्ती नव्हे, हे वाक्य मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी ऐकवत आलो आहे. ते ओठांवर आलेही. परंतु पत्रिका अद्याप माझ्याच हातात होती. मी गुडघे टेकले, झाकण उघडले आणि अडकलेला कागद ओढून काढला. प्रिंटर सुरू झाला!

आत्यांनी पत्रिकेसाठी हात पुढे केला.

"विमल म्हणते तेवढे काही निरुपयोगी नाही तुम्ही. येऊ आम्ही सगळे."

चौतीस वर्षांत माझ्या विद्वत्तेला मिळालेली ही पहिलीच जाहीर पावती. मी आभार मानले आणि प्रिंटरमध्ये कोरे कागद भरून दिले.