थ्रपबाईंची नेमणूक

एनॉक थ्रप छपरावर कौलं बसवताना पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्याची बायको केझाया हातमोजे शिवायची, पण त्यावर दोघांचं पोट भरेना. तिने वेलबरीच्या गरीब-मदत मंडळाकडे आठवड्याला दोन पाव आणि थोडे पैसे मागितले. अध्यक्ष ऑर्मरॉडसाहेबांनी तिला समजावलं, की घरबसल्या मदत दिली की माणसं आळशी होतात. हवं तर दोघांनी गरीबखान्यात यावं.

दोघं आली. मी तिथला दरवान. त्यांचे कपडे गाठोड्यात बांधून ठेवले आणि नियमाप्रमाणे नवऱ्याला पुरुषांच्या आजारखोलीत, बायकोला धोबीखान्यात धाडलं. भेट रविवारी, अर्धा तास, मेट्रनबाईंच्या देखत. आजारखोलीतली नर्स बहुतेक वेळा जिन पिऊन लवंडलेली असे. एनॉकची पाठ चिघळत चाललीय हे केझायाला कळलं ते चादरी धुताना.

शेवटी नर्सला काढलं. महिनाभर जाहिरात दिली, कुणी फिरकलं नाही. मग केझायाने अर्ज केला. कारकुनाने नियम दाखवला : आश्रिताला पगारी जागा देता येत नाही.

"आणि मी आश्रित नसले तर?" तिने विचारलं.

कारकुनाने पुस्तक दोनदा चाळलं. त्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

गरीबखाना सोडतेय असं तिने रीतसर तीन तास आधी कळवलं, आपला झगा मागून घेतला आणि बाहेर पडली. चर्चच्या पायरीवर तासभर बसून पुन्हा फाटकाशी आली. मी काम विचारलं.

"नर्सच्या जागेसाठी आलेय. आणि आता जरा अहो-जाहो करा. सकाळपर्यंत अगं-तुगं ठीक होतं."

मी बाईंना मानाने आत नेलं.

ऑर्मरॉडसाहेबांनी अनुभव विचारला. "सहा महिने तुमच्या आजाऱ्यांच्या चादरी धुतल्यात, साहेब," बाई म्हणाल्या. "कुणाला कुठं दुखतंय ते मला तोंडपाठ आहे."

साहेब खूश झाले. ही स्वावलंबी बाई म्हणजे गरीबखान्याच्या शिस्तीचंच फळ, असं त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं. पगार ठरला तो बाईंनी आधी मागितलेल्या मदतीच्या तिप्पट. शिवाय खोली, जेवण आणि कोळसा.

बाई एनॉकची दिवसातून सहा वेळा कूस बदलायच्या. संसारात एवढा छळ नव्हता, असं म्हणत तो कुरकुरायचा. पाठ मात्र नाताळापर्यंत भरून आली. तीन वर्षांनी तो गेला, बाईंचा हात हातात धरून. बाई अजून तिथेच आहेत. नव्या नर्सना पहिला धडा त्याच देतात, धोबीखान्यात.